स्मरणातला 'मी' आणि कल्पिलेला 'मी'
काही आत्मकथने व कादंबऱ्या यांच्या पुनर्वाचनातून सुचलेले विचार

गेल्या काही महिन्यांत मराठीतील काही आठवणींची पुस्तके आणि काही कादंबऱ्या मी एकापाठोपाठ एक अशा वाचल्या. त्यांतील बहुतेक पूर्वी वाचलेल्या होत्या. परंतु पूर्वी त्या वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या निमित्ताने आणि बहुधा अभ्यासक्रमाच्या सोयीने वाचल्या गेल्या होत्या. या खेपेस आत्मकथन आणि कादंबरी यांना शेजारी शेजारी बसवून वाचण्याचे ठरविले. त्या वाचनातून एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला, व त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न असा, की 'मी' हे सर्वनाम दोन्ही वाङ्मयप्रकारांत सारख्याच मोकळेपणाने वापरले जात असता आपण वाचक त्याच्यावर दोन निरनिराळ्या प्रकारे विश्वास का ठेवतो? आणि हा विश्वास कशावर उभा असतो?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. आत्मकथन घडलेले सांगते, कादंबरी कल्पिलेले सांगते. म्हणून एकाची कसोटी सत्य आणि दुसऱ्याची कसोटी कलात्मकता. हे उत्तर सोयीचे आहे, पण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाशी ते फारसे जुळत नाही. मराठीत स्त्रीच्या आत्मकथनाचे रूप प्रथम प्रभावीपणे साकार झाले ते एका पुरुषाने लिहिलेल्या कादंबरीत. आणि दलित आत्मकथनाचा आरंभ म्हणून ज्या ग्रंथाकडे आपण बोट दाखवितो, त्याने स्वतःची कथा सांगण्यासाठी कादंबरीकाराची युक्ती उसनी घेतली. म्हणजे हे दोन प्रकार एकमेकांच्या घरी वारंवार जात-येत राहिले आहेत. ही ये-जा कोणत्या गरजेपोटी झाली, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' पासून आरंभ करू. १८९० पासून 'करमणूक' पत्रातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा हरिभाऊ अवघे सव्वीस वर्षांचे होते. यमुनेने स्वतःच आपली जीवनकथा लिहिली आहे, असा तिचा घाट आहे. बालपण, लहान वयातील विवाह, सासर, मुंबईतील थोड्या सुखाचे दिवस, रघुनाथरावांचा मृत्यू, शंकरमामंजींच्या कारस्थानात झालेली तिची विटंबना आणि सक्तीचे केशवपन, हे सारे यमुना आपल्या तोंडाने सांगते. आज आपणांस या रचनेचे नवल वाटत नाही. परंतु त्या काळी मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील खरी विधवा असे काही लिहून छापील पत्रातून प्रसिद्ध करू शकली असती काय, हा प्रश्न विचारला की या युक्तीचे मोल ध्यानी येते. यमुनेला सासर नाही, दीर नाही, जातगंगा नाही. म्हणजे कथेत ती सर्व आहेत, पण लिहिणाऱ्या हाताला धरणारे असे त्यांतले कोणी नाही. कल्पित असल्यामुळेच ती बोलू शकते. कादंबरीतल्या 'मी'ला मिळालेले हे स्वातंत्र्य हाडामांसाच्या 'मी'ला मिळण्यास पुढे पुष्कळ काळ जावा लागला.

हे स्वातंत्र्य मात्र फुकट मिळालेले नाही. यमुनेला मरावे लागते. कादंबरीला ज्या निष्कर्षाकडे जावयाचे आहे, त्यासाठी तिच्या दुःखाची पूर्तता तिच्या अंतातच व्हावयास हवी. शीर्षकातला प्रश्न वाचकाच्या मनात टोचत राहावा, यासाठी प्रश्न विचारणारी स्त्री उत्तर ऐकण्यास उरता कामा नये. हरिभाऊंच्या सहृदयतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण सुधारणेच्या हेतूने घडविलेल्या घाटाने आपल्या नायिकेकडून जी किंमत घेतली, ती मोजावयास हवी.

याच्या शेजारी रमाबाई रानडे यांचा 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हा १९१० चा ग्रंथ ठेवून पाहावा. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये निवर्तले होते. रमाबाईंना लिहिण्याचा अधिकार समाजाने मान्य केला तो थोर पुरुषाची सहधर्मचारिणी या नात्याने, आणि त्यांनीही तो त्याच मर्यादेत वापरला. शीर्षकातील 'आमच्या' हा शब्द पाहण्याजोगा आहे. त्या अनेकवचनात दोघे आहेत. पण बहुतेक पानांवर एकजण उजेडात उभा आहे आणि दुसरी दिवा धरून आहे. तरीही ज्या ठिकाणी रमाबाई आपल्या शिक्षणाची हकीकत सांगतात, घरातील स्त्रियांचा विरोध, टोमणे, अबोला आणि त्यांतून मार्ग काढून चाललेले वाचन यांचे वर्णन करतात, त्या ठिकाणी दिवा धरणाऱ्या हाताचा थरकाप आपणांस दिसतो. पतीची आज्ञा आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांचा राग यांच्या कात्रीत सापडलेल्या मुलीचे ते चित्र यमुनेच्या कोणत्याही प्रसंगाहून कमी जिवंत नाही. फरक इतकाच, की यमुना तक्रार करते आणि रमाबाई करीत नाहीत. त्यांचे न तक्रारणे हाच येथे वाचावयाचा मजकूर आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे आले म्हणजे एकदम मोकळी हवा लागते. १९३४ पासून हा ग्रंथ भागाभागांनी प्रसिद्ध झाला. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये वारले होते. येथेही पतीच्या पश्चात लिहिणारी पत्नीच आहे. पण रमाबाईंपुढे पतीची जी प्रतिमा होती, तिच्या ओझ्याखाली लक्ष्मीबाई वाकत नाहीत. वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांचा लहरी स्वभाव, त्यांचे न सांगता घरातून निघून जाणे, १८९५ मधील त्यांचे धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट आणि अखेर १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, यांतील प्रत्येक घटना एखाद्या कादंबरीकाराच्या हाती पडली असती तर तिची शोकांतिका झाली असती. लक्ष्मीबाई मात्र हसतात. आणि त्यांचे हसणे दुःख लपविण्यासाठी नाही. दुःखाला त्याच्या मापाने मोजून झाल्यावर जे उरते ते हे हसणे आहे. जातिभेदासंबंधीचे त्यांचे मत पालटते तेही कोणाच्या व्याख्यानाने पालटत नाही. एकटेपणी, आपल्याच मनाशी वाद घालून, त्या हळूहळू एका निर्णयाप्रत येतात. कादंबरीत हा बदल घडवावयाचा असता तर एखादा कलाटणीचा प्रसंग योजावा लागला असता. आयुष्यात असे प्रसंग क्वचित येतात. बहुधा माणूस बदलून गेल्यावर केव्हातरी त्याला ते कळते. स्मरणाच्या गद्याला ही मंदगती परवडते, आणि लक्ष्मीबाईंच्या गद्याचे सामर्थ्य पुष्कळसे या मंदगतीतच आहे.

येथे यमुना आणि लक्ष्मीबाई यांची तुलना करून कोणी थोर व कोणी कमी असा निवाडा द्यावयाचा नाही. यमुना १८९० मध्ये बोलली, म्हणून पुढे खऱ्या स्त्रियांना बोलण्यास जागा झाली, असे म्हणण्यास फारशी हरकत नसावी. परंतु आत्मकथनापाशी एक गोष्ट असते जी कादंबरीपाशी नसते: त्याला शेवट नसतो. लिहिणारी व्यक्ती शेवटच्या पानानंतरही असते किंवा असू शकत होती. हा उघडा शेवट वाचकाच्या विश्वासाचा एक मोठा आधार आहे.

विश्वासाचा दुसरा आधार कोणता, हे विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'वरून कळते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक कर्जबाजारी घराला हातभार लावावा, दक्षिणा मिळवावी, एवढ्या साध्या हेतूने चुलत्यासह उत्तरेस गेला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशीच्या वेढ्याच्या वेळी तो शहरात होता. १८५८ मध्ये इंग्रजी फौज शहरात शिरल्यानंतरची कत्तल, लूट आणि ग्रंथसंग्रहाची नासधूस त्याने जवळून अनुभवली. अखेर मिळविलेले द्रव्य गमावून, गंगेच्या पाण्याची कावड मात्र खांद्यावर घेऊन तो घरी परतला व त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. इतिहासकार या ग्रंथातून झाशीच्या राणीविषयी माहिती शोधतात, आणि ते योग्यच आहे. परंतु या निवेदकावर आपला विश्वास बसतो तो राणीमुळे बसत नाही. दक्षिणेचा हिशेब, भूक, तहान, भीती, लपण्याच्या जागा आणि आंघोळीची अडचण यांमुळे बसतो. ज्याला आपल्या शौर्याचा दावा करावयाचा नाही, जो आपली भीती व आपला लोभ लपवीत नाही, त्याने सांगितलेले इतरांचे शौर्यही आपण खरे मानतो. स्मरणकर्त्याची विश्वासार्हता त्याच्या लहान गोष्टींत असते, हे या ग्रंथाइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते.

या ग्रंथाच्या पाठाचा इतिहास संशोधकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. घटनांनंतर सुमारे पाव शतकाने गोडसे भटजींनी ही हकीकत लिहिली. चिंतामणराव वैद्य यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, ती आपल्या हाताचे संस्कार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये उपलब्ध करून दिला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक ज्या भटजींवर विश्वास ठेवीत होता, त्यांच्या आवाजात दुसऱ्या एका विद्वानाचा आवाज मिसळलेला होता. वैद्यांचा हेतू वाचकाची सोय हा असणार. तथापि कादंबरीच्या बाबतीत संपादकाने भाषा सफाईदार केली तर आपण ती शैलीची बाब समजतो. आठवणींच्या बाबतीत तेच केले तर साक्षीत बदल होतो. शब्द बदलला की साक्षीदार बदलतो. या एका उदाहरणावरून आत्मकथनाचा आणि त्याच्या पाठाचा संबंध किती नाजूक आहे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शिकण्याजोगे आहे.

आता उलट दिशेने पाहू. विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ ची. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तीवरील जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि त्यांत हेर्टा व चक्रधर यांची अल्पजीवी प्रीती, असा तिचा विषय आहे. १९३८-३९ मध्ये नाझी छळातून निसटलेले अनेक ज्यू इटालियन बोटींनी मुंबईवरून पुढे शांघायकडे जात होते. म्हणजे कादंबरीची पार्श्वभूमी कल्पित नाही; ती त्या वर्षांतली वर्तमान वस्तुस्थिती आहे, आणि महायुद्ध पेटण्याच्या वेळीच ती मराठीत आली. असे असता बेडेकरांनी हे प्रवासवर्णन म्हणून का लिहिले नाही? मला वाटते, याचे उत्तर चक्रधराच्या स्वभावात आहे. हा निवेदक स्वच्छ माणूस नाही. पूर्वीच्या प्रेमभंगाने तो कडवट झाला आहे, स्त्रियांविषयी त्याच्या मनात सूडाची भावना आहे, आणि हेर्टाकडे तो ज्या मनाने वळतो ते मन निर्मळ नाही. ज्या जगात लक्षावधी माणसे केवळ वंशामुळे घराबाहेर हाकलली जात आहेत, त्या जगातही एका माणसाचा क्षुद्र अहंकार चालूच राहतो, ही जी कादंबरीची जाणीव आहे, ती प्रवासवर्णनातल्या सभ्य 'मी'च्या तोंडी घालता आली नसती. कल्पित 'मी'ला दोषी होता येते. स्मरणातला 'मी' फार झाले तर चुकलेला असतो.

बेडेकरांनी पुढे साडेचार दशकांनी, १९८४ मध्ये, 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र लिहिले. शीर्षक मुंडकोपनिषदातल्या रूपकाकडे निर्देश करते: एकाच वृक्षावर दोन पक्षी, त्यांतला एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहतो. आत्मचरित्राच्या तत्त्वाचे याहून नेमके शीर्षक मराठीत असेलसे वाटत नाही. भोगणारा आणि पाहणारा यांच्यातले अंतर हाच आत्मचरित्राचा खरा प्रदेश. गंमत अशी, की 'रणांगण'मध्ये हे अंतर जवळजवळ नाही. चक्रधर भोगता भोगता सांगतो, आणि त्याला पाहण्याचे काम वाचकाला करावे लागते. कादंबरीत दुसरा पक्षी वाचक असतो. आत्मचरित्रात तो लेखकाला स्वतःच व्हावे लागते.

हीच विभागणी वेगळ्या कारणासाठी दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) आढळते. ग्रंथाच्या आरंभी लेखकाची गाठ दगडू मारुती पवार या माणसाशी पडते, आणि पुढची सारी कथा दगडू सांगतो. दगडू व दया हे एकच, हे वाचकाला लगेच कळते. युक्ती लपविण्याची इच्छाच नाही. मग ती योजण्याची गरज काय होती? धामणगावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना येथे वाढलेला दगडू आणि पांढरपेशा नोकरी करणारा, कविता लिहिणारा दया, यांच्यामध्ये शिक्षणाने एक भिंत उभी केली आहे. ज्याने भोगले त्याच्याजवळ ही भाषा नव्हती, आणि ज्याच्याजवळ भाषा आली त्याला आपल्या भोगाची लाज वाटू लागली. अशा वेळी सरळ 'मी' म्हणणे हेच खोटे ठरले असते. बेडेकरांच्या दोन पक्ष्यांमागे तत्त्वज्ञान आहे. पवारांच्या दोन माणसांमागे समाजरचना आहे. या ग्रंथात स्वतःविषयीची जी निर्दयता आहे, विशेषतः पहिल्या पत्नीविषयीचा संशय व तिचा त्याग यांचे जे निवेदन आहे, ते या दुभंगलेल्या निवेदकामुळेच शक्य झाले. दगडू बोलतो आणि दया ऐकतो. ऐकणाऱ्याला मध्येच थांबवण्याची मुभा नसते.

'कोसला' (१९६३) मध्ये नेमके उलट घडते. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो व अपयशी होऊन परततो, ही कथा कादंबरी असूनही आत्मकथनाचा आव आणते. तीत रोजनिशी आहे, खर्चाची व वसतिगृहाची बारीकसारीक हकीकत आहे. कादंबरीकाराने घडलेल्याचा वेष का घ्यावा? कारण भालचंद्र नेमाड्यांना कादंबरीच्या रूढ घाटावरच अविश्वास होता. सुसंगत कथानक म्हणजे आयुष्याला नसलेला अर्थ चिकटविणे, अशी त्यांची धारणा या रचनेतून प्रकट होते. मनी या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग वाचताना हे विशेष जाणवते. त्या दुःखाला कथानकात कोणते 'कार्य' नाही. ते नुसते येते आणि राहते. यमुनेचे मरण काही सिद्ध करते, मनीचे मरण काहीच सिद्ध करीत नाही. सत्तर-बहात्तर वर्षांच्या अवधीत मराठी कादंबरीने केलेला प्रवास या दोन मृत्यूंच्या मध्ये मावतो.

अखेरीस आणखी दोन आत्मकथनांकडे वळावयाचे आहे. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांनी पतीच्या पश्चात लिहिले. सुनीताबाईंनी लिहिले तेव्हा पु. ल. देशपांडे हयात होते, आणि उभ्या महाराष्ट्राचे लाडके होते. ज्याच्याविषयी लिहावयाचे तो शेजारच्या खोलीत आहे, आणि वाचणारा प्रत्येकजण त्याच्या बाजूचा आहे, अशा स्थितीत केलेले हे स्पष्ट लेखन आहे. कालक्रम सोडून स्मृतीच्या उड्यांनी चालणारी त्याची रचना काहींना विस्कळीत वाटते. मला ती या परिस्थितीची सहज निष्पत्ती वाटते. सलग कथा सांगितली की ती फिर्याद होते. सुनीताबाईंना फिर्याद करावयाची नाही, हिशेब मांडावयाचा आहे, आणि त्या हिशेबात त्या स्वतःलाही सूट देत नाहीत.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे १९८६ चे. फलटणमध्ये लहानसे दुकान चालविणाऱ्या या बाईंनी आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून, पतीपासूनही लपवून ठेवले होते. ग्रंथात महारवाड्यातील स्त्रियांचे कष्ट, उपासमार, सासुरवास आणि आंबेडकरांच्या चळवळीने आणलेली जाग यांचे वर्णन आहे. परंतु स्वतःच्या संसारातील यातनांविषयी त्या जवळजवळ मूक आहेत. पुढे या ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादासोबत आलेल्या मुलाखतीत त्यांनी पतीच्या मारहाणीविषयी सांगितले. आता 'आमुचं' हा शब्द रमाबाईंच्या 'आमच्या' शेजारी ठेवून पाहा. पाऊण शतकाचे अंतर, जातीचे अंतर, अनुभवाचे अंतर; तरी दोन्ही शीर्षकांत अनेकवचन आहे, आणि दोन्ही ठिकाणी एका स्त्रीचे एकवचन त्या अनेकवचनाच्या आड गेले आहे. एकीचे पतीच्या थोरवीआड, दुसरीचे समाजाच्या दुःखाआड. मात्र हे साम्य एवढ्यावर सोडणे अन्यायाचे होईल. रमाबाईंच्या 'आमच्या'मध्ये दोनच माणसे आहेत. बेबीताईंच्या 'आमुचं'मध्ये ज्यांना 'मी' म्हणण्याची संधीच कधी मिळाली नाही अशा शेकडो स्त्रिया आहेत. आणि आपल्या वैयक्तिक मारापेक्षा त्यांची साक्ष आधी नोंदली जावी, हा त्यांचा निर्णय आहे. येथे मौन हा दोष नाही. तो लेखनाचा क्रम आहे.

या सर्व वाचनातून जे हाती लागले ते असे. कादंबरी आणि आत्मकथन यांतील भेद खरे-खोट्याचा मानण्यापेक्षा जबाबदारीचा मानावा. कादंबरीतला 'मी' कोणाही जिवंत माणसाला उत्तर देण्यास बांधलेला नसतो. म्हणून तो यमुनेसारखा निर्भय आणि चक्रधरासारखा अपराधी होऊ शकतो. त्याने उत्तर द्यावयाचे ते आपल्या घाटाला. आत्मकथनातला 'मी' मात्र पती, आईबाप, जातभाई, गाव अशा अनेकांना बांधलेला असतो, आणि त्याची वाक्ये त्या दोऱ्यांच्या ताणातून घडतात. म्हणून आत्मकथनाची शैली पाहावयाची तर त्यात काय सांगितले आहे याबरोबरच ते कोण हयात असता सांगितले, कोणापासून लपवून सांगितले आणि काय सांगावयाचे राखून ठेवले, हेही पाहिले पाहिजे.

हे आग्रहाने म्हणण्याचे कारण आपल्या अध्यापनाच्या रीतीत आहे. आपण कादंबरीच्या तासाला घाट, निवेदनतंत्र आणि प्रतिमा यांची चर्चा करतो. आत्मकथनाच्या, त्यातही दलित आत्मकथनाच्या तासाला आपण समाजस्थिती, प्रथा आणि अन्याय यांची यादी करतो. अशा रीतीने 'कोसला'ला आपण कलाकृती म्हणून वाचतो आणि 'बलुतं'ला दस्तऐवज म्हणून. पहिल्यात लेखकाच्या आयुष्याचे धागे शोधण्याचा उद्योग होतो, दुसऱ्यातली कारागिरी कोणी पाहतच नाही. दगडू आणि दया यांची विभागणी हा विसाव्या शतकातील मराठी गद्यातला एक महत्त्वाचा निवेदनविषयक शोध आहे. पण निवेदनतंत्राच्या चर्चेत त्याचा उल्लेख किती प्रबंधांत येतो? ज्यांनी सोसले त्यांना सोसण्याचेच श्रेय द्यावयाचे आणि लिहिण्याचे श्रेय द्यावयाचे नाही, हीही एक प्रकारची अस्पृश्यता आहे; आणि ती आपल्या वर्गात चालता कामा नये.

यासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी निबंधविषय निवडताना एक साधा उपक्रम करून पाहावा. एक कादंबरी आणि एक आत्मकथन जोडीने घ्यावे, दोहोंना सारखेच प्रश्न विचारावे, आणि दोहोंच्या उत्तरांत जेथे फरक पडतो तेथे थांबावे. सारस्वताची प्रांतवारी आपण आपल्या सोयीसाठी केलेली असते. लेखकांनी त्या सीमा कधीच फारशा मानलेल्या नाहीत. ज्याला जे सांगावयाचे होते त्याने ते ज्या रूपात सांगता येईल त्या रूपात सांगितले. ते रूपच का निवडावे लागले, हे शोधून काढणे हे आपल्यासारख्या वाचकांचे काम होय.